अण्णांचं नाक आणि जहाजाचा डॉक्टर

बेंगळूरला समुद्र नाही. लग्न होऊन मी तिथं गेले तेव्हा हे मला माहीत होतं, गावातल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त आमच्या चुलतसासऱ्यांना मान्य नव्हतं. ते जहाजावर डॉक्टर होते. उभा जन्म पाण्यावर काढून, लग्नबिग्न न करता, निवृत्त झाल्यावर ते राजाजीनगरात आमच्या नव्या घराच्या माडीवर राहायला आले. माडीला ते डेक म्हणायचे. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, आणि आलं की हे वरून विचारायचे, भरती लागली का. पहिल्यांदा मला हसू आलं. पण पदर खोचून हंडे भरत असताना कोणी भरतीची चौकशी केली की काही दिवसांनी हसू येईनासं होतं.

त्यांच्याकडे गोष्टी पुष्कळ होत्या, पण खरी गाजलेली एकच. ती आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कॉफीबरोबर मिळायची. जहाजावर कप्तान म्हणजे देव. त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही. पण देवालाही उतरवू शकेल असा एकच माणूस जहाजावर असतो, तो म्हणजे डॉक्टर. एका सफरीत कप्तानाला नसलेली बेटं दिसायला लागली. तेव्हा डॉक्टरकाका भर सकाळी सगळ्या खलाशांसमोर त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, 'कप्तानसाहेब, आपण आजारी आहात. मी आपल्याला कामावरून उतरवतो आहे.' कप्तान वाघासारखा चवताळला, पण शेवटी टोपी काढून खाली गेला. इथं डॉक्टरकाका चांदीची डबी उघडून चिमूटभर तपकीर ओढायचे आणि पाहुण्याकडे बघायचे. पाहुण्यानं 'बाप रे' म्हटलं नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांचं मन लागायचं नाही.

माझं माहेर कऱ्हाडचं. सासर मराठीच, पण तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर खाली उतरलेलं आणि परत जायचं विसरून गेलेलं. माझ्या आमटीला ही माणसं हुळी म्हणायची, माझ्या रागाला 'स्वल्प गरम आहे' म्हणायची. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत आणि सासूबाईंना सगळे अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. अण्णा सरकारी कचेरीत मोठे कारकून होते, पण ती त्यांची खरी नोकरी नव्हती. गावातल्या आमच्या लोकांकडे लग्न असो, मुंज असो, समाराधना असो, पाकशाळेचा ताबा अण्णांकडे असायचा. हाताखाली पाचसहा आचारी, कमरेला पंचा, हातात पळी. तिथं अण्णांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. घरी मात्र त्यांना स्वतःचा चष्मासुद्धा अक्कांना विचारल्याशिवाय सापडायचा नाही.

आता इथं मला एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा घोटाळा कळायचा नाही. आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थाची चव बघत नाहीत. बघितली तर अख्खं पातेलं उष्टं झालं. म्हणजे दोनशे पानांचं सार रटरटतंय आणि त्यात मीठ बरोबर पडलं की नाही हे कोणी जिभेवर ठेवून बघायचं नाही. मग कळायचं कसं? तर वासावरून. अण्णा पातेल्यावर वाकायचे, डोळे मिटायचे, वाफ ओढायचे आणि म्हणायचे, अजून अर्धी मूठ. आणि ते बरोबर निघायचं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा नवऱ्याला म्हटलं की मिठाला कुठं वास असतो, हे सगळं थोतांड आहे. अण्णांनी ते ऐकलं. रागावले नाहीत. म्हणाले की मिठाला वास नसतो हे खरं, पण मीठ पुरेसं झालं की चिंचेचा कच्चा वास खाली बसतो. तो खाली बसला की नाही एवढंच हुंगायचं. मी नाक मुरडलं. कऱ्हाडला आम्ही गुपचूप चव बघतो आणि देवाची माफी मागतो.

एका थंडीत अण्णांना जबरदस्त सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना नाक घेऊन गेली. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण अण्णांनी कोणाला सांगितलं नाही. लक्षात आलं ते शेजारच्या गल्लीतल्या मुंजीत. सार पानात पडलं, पहिला घास गेला आणि अख्खी पंगत गप्प झाली. ते सार नव्हतं, तो डॉक्टरकाकांचा समुद्र होता. पण अण्णांनी केलेल्या साराला नाव कोण ठेवणार? दोनशे माणसं डोळ्यांत पाणी आणून 'छान, छान' म्हणत जेवली. ताक पहिल्या पंगतीतच संपलं. मुंजमुलगा तेवढा रडला, पण त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं असल्यामुळे लोकांनी ते त्या खात्यावर टाकलं. अण्णा रोजच्यासारखे सगळ्यांत शेवटी जेवायला बसले. एरवी ते धुरानं भूक मेलेली म्हणून नुसता ताकभात खायचे. त्या दिवशी त्यांनी सार मागून घेतलं, वाटी संपवली आणि हात धुवायला उठले. मी वाढत होते. मला वाटलं, चला, यांना तरी आवडलं.

पुढचे दोन समारंभही असेच गेले. एकदा सार अळणी, एकदा पुन्हा खारट. आणि वैशाखात आमच्या घरचंच कार्य होतं, माझ्या नणंदेचं लग्न. व्याही आनेकलचे. जिभेनं तिखट आणि खाण्यात चोखंदळ. अण्णा स्वतःच्या मुलीच्या लग्नात पळी दुसऱ्याच्या हातात देतील हे शक्य नव्हतं. अक्कांना मुलीची काळजी नव्हती, लग्न काही साराच्या वाटीत बुडणार नव्हतं. त्यांना काळजी होती अण्णांची. 'परक्यांच्या घरी लोकांनी झाकून घेतलं,' त्या मला म्हणाल्या, 'हे आनेकलकर झाकणार नाहीत. भर पंगतीत बोलतील. मग हा माणूस पुन्हा कुठल्या चुलीपुढे उभा राहील?' एवढं बोलून त्या रडल्या, आणि मग मी बघितलं म्हणून माझ्यावरच चिडल्या.

अण्णांना सांगायचं कोणी? माझे यजमान म्हणाले की तो सांगेल, म्हणजे धाकटा दीर. धाकटे दीर म्हणाले, मोठ्यानं सांगावं. दोघंही त्यानंतर आठवडाभर कचेरीतून उशिरा यायला लागले. तेव्हा अक्कांनी माडीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आपल्या घरात कप्तानाला उतरवणारा माणूस फुकट जेवतोय, हे त्यांच्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं.

आम्ही दोघी वर गेलो. अक्कांनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, तुम्हांला अधिकार आहे, वापरा. मला वाटलं होतं की डॉक्टरकाका छाती फुगवून लगेच खाली उतरतील. ते खिडकीतून बाहेर बघत बसले. मग म्हणाले की हे जहाज नाही. अक्का म्हणाल्या की आजवर तर होतं. ते म्हणाले, तपासणी केल्याशिवाय कोणाला उतरवता येत नाही. तर करा तपासणी, असं म्हणून अक्का जिना उतरल्यासुद्धा. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथं एकाच्या नाकासाठी दुसऱ्याचं दाबायची वेळ आली होती.

तपासणी रविवारी सकाळी जेवणघरात झाली. अण्णांना सांगितलं होतं की लांबच्या सफरीआधी जशी अधिकाऱ्यांची तपासणी होते तशीच ही कार्यापूर्वीची साधी तपासणी आहे. अण्णा इतक्या सहज तयार झाले की मला संशय यायला हवा होता. डॉक्टरकाका पांढरा कोट आणि नांगराचं चिन्ह असलेली टोपी घालून आले. कोट पोटावर बसत नव्हता. माझ्या नणंदेनं हिंग, कापूर, कॉफी आणि जिरं बारीक करून त्यांच्या फडक्यात चार पुड्या बांधून दिल्या. डॉक्टरकाकांनी अण्णांच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि मागं वळून बघितलं, तर चारही पुड्या सारख्या. कुठली कशाची हे नणंदेनं लिहिलं नव्हतं आणि यांनी विचारलं नव्हतं.

त्यांनी पहिली पुडी न उघडताच अण्णांच्या नाकाखाली धरली. अण्णांनी बराच वेळ वाफ ओढावी तसा श्वास ओढला आणि सांगितलं, 'कॉफी.' डॉक्टरकाकांनी पुडी स्वतःच्या नाकाला लावली. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग ते म्हणाले, 'बरोबर.'

मी स्वयंपाकघराच्या दारात होते, चांगली लांब. तिथपर्यंत तो वास आला आणि माझ्या पोटात ढवळलं. 'हिंग आहे तो,' मी म्हटलं. दुसरी पुडी धरली. अण्णा म्हणाले, हिंग. डॉक्टरकाका पुन्हा हुंगून म्हणाले की बरोबर. तो कापूर होता. कापराचा वास मेलेल्या माणसालाही येतो. मी तेही सांगितलं, आणि शिवाय मागच्या घरी कोणीतरी तेल न बदलता वडे तळतंय हेही सांगितलं, आणि तोंडाला पदर लावून मोरीकडे धावले.

परत आले तेव्हा अण्णांनी उपरणं सोडलेलं होतं. पुड्या त्यांच्यापुढे उघड्या पडल्या होत्या आणि ते भावाकडे बघत होते. 'तुलाही येत नाही,' ते म्हणाले. डॉक्टरकाकांनी तपकिरीची डबी खिशातून काढली आणि पाटावर ठेवली. आयुष्यभर ओढलेली तपकीर. तिनं त्यांचं नाक कधीच खाऊन टाकलं होतं. अण्णांनी विचारलं, 'कप्तानाला डॉक्टर उतरवतो. डॉक्टरला कोण उतरवतं?'

मी हसले. मला आवरलंच नाही. नणंदही हसली. अक्का हसल्या नाहीत, पण त्या वेगळ्याच कारणानं माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मोरीकडे मी का धावले हे त्यांना कळलं होतं. मग त्यांनी नणंदेला खुणावलं, नणंदेला कळलं, अण्णांना कळलं. घरात डॉक्टर एकच होते आणि त्यांनाच शेवटी सांगावं लागलं.

तेवढ्या गडबडीत डॉक्टरकाका टोपी काढून भिंतीशी बसले होते. अण्णा त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले की आता ती कप्तानाची गोष्ट एकदा नीट सांग. आणि डॉक्टरकाकांनी ती सांगितली, हळू आवाजात, तपकिरीशिवाय.

कप्तानाला त्यांनी शोधून काढलं नव्हतं. कप्तानच त्यांच्या खोलीत आला होता. दार लावून, रोगी बसतात त्या स्टुलावर बसला आणि म्हणाला की होकायंत्रावरचे आकडे मला आता दिसत नाहीत. मी स्वतः सांगितलं तर खलाशी म्हणतील, हा भ्याला. तुम्ही सांगा, सगळ्यांसमोर. मी जरा भांडेन. भांडावं लागेल.

'त्यानंच मला वाक्य शिकवलं,' डॉक्टरकाका म्हणाले. 'मी नुसता ओरडलो. तसा अधिकार डॉक्टरला असतो की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यानं दिला, म्हणून होता.'

अण्णांनी उपरण्याची घडी घातली. 'सरी,' म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि कॉफी मागितली. अक्कांचा चेहरा उतरला. आमचा एकुलता एक उपाय पाटावरच्या डबीशेजारी आडवा पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला चुलीपुढे बोलावलं. दोन पातेल्यांत सार उकळत होतं. म्हणाले, हुंग, आणि सांग कुठलं पुरं आहे. मी म्हटलं की मला जमायचं नाही, मळमळतंय. ते म्हणाले, मळमळतंय म्हणूनच जमेल. मी रागानंच वाकले. आणि खरं सांगते, एका पातेल्यात चिंच नाकात टोचत होती आणि दुसऱ्यात ती निमूट बसली होती. मी डावं दाखवलं. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कऱ्हाडहून आल्यापासून कधी बघितलं नव्हतं. मग आठवडा दोन आठवडे हेच. घरातली माणसं सार खाऊन खाऊन कंटाळली. मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी खूळ घेतलंय डोक्यात. मला त्यांची दयाही यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदम.

लग्न छत्रात होतं, म्हणजे तिकडच्या भाषेत लग्नाच्या कार्यालयात. आदल्या दिवशी चूल पेटवायची पूजा झाली. आचारी, नातेवाईक, आनेकलचे पुढे आलेले चारदोन व्याही, सगळे जमले होते. अण्णा पंचा कसून, पळी घेऊन चुलीपुढे उभे राहिले आणि एकदम ओरडले, 'डॉक्टर कुठं आहे?'

डॉक्टरकाका गर्दीत मागं होते, साध्या सदऱ्यात. अण्णांनी त्यांना पुढे बोलावलं आणि विचारलं की टोपी कुठं आहे. टोपी घरी होती. मग टोपी येईपर्यंत कोणी चूल पेटवायची नाही असा हुकूम झाला आणि माझे यजमान जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात बसून राजाजीनगरला पळाले. अर्धा तास सगळे न पेटलेल्या चुलीकडे बघत उभे होते. टोपी आली. डॉक्टरकाकांनी ती घातली. अण्णा म्हणाले, 'बघ माझं नाक.'

तेव्हा कुठं डॉक्टरकाकांना कळलं. माझ्याही डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला. त्यांनी बॅटरी घेऊन अण्णांच्या दोन्ही नाकपुड्यांत बघितलं. काय बघितलं देव जाणे. मग ते ताठ उभे राहिले आणि असे गरजले की बाहेर मंडप बांधणारे खाली बघायला लागले. 'अण्णा, तुमचं नाक गेलेलं आहे. मी तुम्हांला या चुलीवरून उतरवतो आहे.'

आणि अण्णा भांडले. काय भांडले म्हणून सांगू. तू कोण मला सांगणार, तुझ्या जन्माआधीपासून मी पळी धरतोय, तुझं बारसं मी जेवलोय, तुझं जहाज तुझ्या घरी. मुंजीतलं सार काढलं, पुढची दोन कार्यं काढली, सगळं आपणच काढून आपणच त्यावर चिडले. इतकं सुरेख भांडले की डॉक्टरकाका घाबरले आणि म्हणाले की बरं, राहू दे मग. अक्कांनी मागून त्यांच्या पाठीत कोपर मारलं. तेव्हा ते पुन्हा गरजले, आणि अण्णांनी मान खाली घालून पळी आचाऱ्यांतल्या वडीलधाऱ्याच्या हातात दिली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, पळी याची, नाक हिचं. हिनं हो म्हटल्याशिवाय कुठलंही पातेलं उतरवायचं नाही.

आनेकलकर एक अक्षर बोलले नाहीत. पुढे कितीतरी वर्षं गावात लोक सांगायचे की अण्णांनी चूल सोडली नाही हो, डॉक्टरला अधिकार वापरून त्यांना काढावं लागलं. हे ऐकताना अण्णा कपाळाला आठ्या घालायचे आणि आतून खूश व्हायचे.

लग्न लागलं. मी दोन दिवस पातेल्यांवर वाकत होते आणि मधेमधे मोरीकडे पळत होते. सार व्याह्यांनी दोनदा मागून घेतलं. शेवटच्या पंगतीला अण्णा बसले. एवढ्या वर्षांत दुसऱ्यानं रांधलेलं, गरम असताना, केळीच्या पानावर, असे ते कुठल्याच लग्नात जेवले नव्हते. मी सार वाढलं. सवयीनं त्यांनी द्रोण उचलून नाकापाशी नेला, डोळे मिटले, आणि तसेच थांबले. काहीच आलं नसणार. मी साराचं भांडं हातात घेऊन तिथंच उभी राहिले.

डोळे न उघडता ते म्हणाले, 'सांग गं, कसा येतोय वास?'

मी त्यांच्या पानापुढे बसले. सांगितलं की आधी तूप येतंय, मग हिंग, तो तुमच्या मसाल्याच्या डब्यातलाच, मग कढीलिंब, जरा जास्त भाजलाय. मिरं मागून येतंय, घशात. चिंच? त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चिंच खाली बसलीय, अण्णा. नीट बसलीय. त्यांनी मान हलवली, भातावर सार घेतलं आणि जेवायला लागले.

शेजारच्या पानावर टोपी घालून बसलेल्या डॉक्टरकाकांनी आपला द्रोण माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, 'आता माझ्या द्रोणातलं सांग.'